डावीकडं झुकणारा टाका

अक्का, तुमच्या दहाव्याला भाषणांवर भाषणं झाली आणि एकेक ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. नदीकाठी मांडव घातला होता. महाराजांचं प्रवचन संपलं आणि श्रद्धांजलीसाठी माईक या हातातून त्या हातात फिरायला लागला. माउली कष्टाळू होती. माउली शांत होती. माउलीनं लेकरं घडवली, मळा फुलवला, दारी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय कधी सोडलं नाही. तुम्ही शांत होता हे ऐकून मी तोंडाला पदर लावला, तो काही रडू लपवायला नव्हता. लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर चहा. तुमच्या हातातली सुई एकालाही आठवली नाही.

सगळ्यात लांबलं ते कुठल्याशा सोसायटीच्या चेअरमन आप्पांचं भाषण. त्यांच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर काचेच्या फ्रेममध्ये दोन हंस आहेत, निळ्या पाण्यात एकमेकांकडं माना वळवून बसलेले. सत्काराचा प्रत्येक फोटो आप्पा त्या हंसांखाली बसून काढतात. ते हंस तुम्ही भरलेत, त्यांच्या सुनेच्या रुखवतासाठी, आणि ती निळी लोकर माझ्या दौंडच्या दुकानातून गेलेली आहे. मी उठून सांगणार होते. पण मी पडले धाकटी जाऊ, मला कोण माईक देणार? आमच्या ह्यांनी लांबूनच मान हलवून मला खाली बसवलं. तो राग अजून पोटात आहे, आणि आज तो मी तुमच्यावरच काढणार आहे. कारण मुळात हे सगळं तुमच्यामुळं झालंय.

त्याच्या आधी पिंडाला कावळा शिवत नव्हता, ते तर तुम्हाला सांगायलाच पाहिजे. झाडावर बसला होता, खाली बघत होता, उतरत नव्हता. 'काहीतरी इच्छा राहिली असंल,' म्हणून जो तो हात जोडून पुढं होत होता. थोरल्यानं सांगितलं, आई, धाकट्याशी भांडणार नाही. धाकट्यानं सांगितलं, आई, गाय विकणार नाही. कावळा ढिम्म. मग आपल्या वन्सं पुढं झाल्या. तुमच्यामाझ्या एकुलत्या एक नणंदबाई, शिरूरहून खास गाडी करून आलेल्या. माझा हात धरून म्हणाल्या,

"वहिनी, तुमचं ते शेवंतीचं चित्र शैला पुरं करील. माझ्या ऋतुजाच्या रुखवतात मांडू आम्ही. काळजी करू नका."

आणि कावळा उतरला. लोकांनी सुस्कारा सोडला, वन्संनी डोळे पुसले. मी मात्र त्या कावळ्याला मारायला दगड शोधत होते.

नंतर मी वन्संना बाजूला घेऊन विचारलं, "ते चित्र रुखवताचं न्हाई वन्सं. ते अक्कांचं सोताचं हाय. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"वहिनीनंच शब्द दिलाय मला. गौरीला आले व्हते तवा. ऋतुजाचं जमलंय म्हटलं, तर म्हनली, माझं चित्र घेऊन जा."

तुम्ही मला यातलं एक अक्षर सांगितलं नाहीत. गौरीनंतर किती वेळा दुकानात येऊन गेलात, पायरीवर बसून चहा प्यालात, पिवळ्या लोकरीवरून माझ्याशी भांडलात. पण हे गिळून बसलात. नणंदेला शब्द देताना, त्याच चित्राचा शब्द आधी मला देऊन ठेवलाय हे तुम्हाला आठवलं नसेल असं मी कसं मानू?

आपला हा वाद किती जुना, अक्का. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या रुखवतात गुलाबाचं मोठं चित्र होतं, आणि पुढं कार्ड, 'वधूची हस्तकला'. सगळ्या बायकांनी तोंडभरून कौतुक केलं. तुम्ही ते उचललंत, पाठीमागून बघितलंत आणि परत ठेवलंत. दुपारी मेथी निवडायला बसलो तेव्हा हळूच म्हणालात, "शैला, ते मशीनचं हाय. तू गप ऱ्हा, मी बी गप ऱ्हाते. उद्यापासून दुपारची येत जा, शिकवते." सासूबाईंच्या कानावर घातलं असतंत तर माझी पहिली पाच वर्षं कशी गेली असती ते मला चांगलं माहीत आहे. तुम्ही मला सुई धरायला शिकवलीत, त्यातून मला हौस लागली, त्या हौसेतून ह्यांच्या बदलीनंतर दौंडला दुकान निघालं. माझं घर तुमच्या त्या गप्प राहण्यावर उभं आहे. म्हणूनच तुमच्या गप्प राहण्याचा मला एवढा संताप येतो.

तुम्ही डावऱ्या. लहानपणी मारून मारून जेवण, पूजा, हळदीकुंकू उजव्या हातावर आणलं, पण सुई काही डावा हात सोडेना. सासूबाईंनी ते बघितलं आणि तुम्हाला बजावलं, "डाव्या हाताचं शुभकार्यात चालत न्हाई. काम कर, पन कुनाला सांगू नगं. पोरीचं नाव घाल." सासूबाई हे सांगून मोकळ्या झाल्या, पुढं वरही गेल्या. तुम्ही जन्मभर पाळत बसलात. दौंडपासून शिरूरपर्यंत कुठल्याही मांडवात जावं, रुखवताच्या टेबलावर तुमचे मोर, तुमचे पोपट, तुमची तोरणं, आणि पुढं अशा पोरीचं नाव जिला सुईत दोरा ओवता येत नाही. तुम्ही पंगतीत वाढत असायचात. कुणी चित्राची तारीफ केली की तुम्ही म्हणायचात, "पोरीचा हात लई चांगला हाय." मला तिथंच ताट आपटावंसं वाटायचं.

पण हात लपत नाही. फुली घालताना एक टाका खाली जातो, एक वर येतो. मी उजव्या हाताची, माझा वरचा टाका उजवीकडं झुकतो, सगळ्या जगाचा तसाच झुकतो. तुमचा डावीकडं. लांबून चित्र सारखंच दिसतं, पण दारात उजेडाला धरलं की तुमच्या लोकरीची चकाकी उलट्या बाजूला पडते. हे तुमच्यामाझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, त्या सणसवाडीच्या सासूबाई भेटेपर्यंत.

आठवतंय ना? त्या घरात दोन सुना आल्या, एक आपल्या शेजारच्या मळ्यातली, दुसरी पाटसकडची. दोघींच्या रुखवतात तुमची चित्रं. सासूबाई स्वतः भरतकामातल्या. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी टांगली आणि दुसऱ्या दिवशी सुनांना समोर बसवून म्हणाल्या, "दोघी बी डावऱ्या कशा काय गं?" आणि दिली दोघींच्या हातात सुई. दोघींनीही उजव्या हातात धरली, त्यातल्या एकीनं तर उलटी. तिकडून फोनवर फोन आले. मी दुकानात पोट धरधरून हसले. म्हटलं, आता तरी भांडं फुटलं, आता नाव घालायचंच. तुम्ही हसला नाहीत. तुमचं तोंड एवढंसं झालं होतं. "पोरींची अब्रू गेली माझ्यापायी," म्हणालात.

आणि मग तुम्ही काय शोधून काढलंत, तर कॅनव्हास आडवा धरायचा. आडवा धरून भरला की डाव्या हाताचाही टाका जगासारखा पडतो. चित्र आडवं, मान वाकडी, खांदा वर, अशा बसून भरायला लागलात. नाव तर कधी नव्हतंच, आता झुकावसुद्धा पुसून टाकलात. त्या दिवशी आपण दुकानात गिऱ्हाइकांसमोर भांडलो.

मी म्हटलं, "समद्यांना माहितीय हे तुम्ही भरता ते. मग नाव का घालत न्हाई?"

तुम्ही म्हणालात, "समद्यांना म्हाईत हाय, तर नाव कशाला घालू?"

या एका गोष्टीवर आपण वर्षानुवर्षं कुस्ती खेळलो. कुणाची पाठ लागली नाही.

तरी मी तुम्हाला मनवलं होतं. यंदा दुकानात बारीक जाळीचा नवा कॅनव्हास आला होता, पांढराशुभ्र, ताठ. नवीन माल आला की तुम्ही खुटबावहून डेमू रेल्वेनं हजर. पिशवीत मेथीची जुडी माझ्यासाठी, आणि तोंडात शिव्या छापील चित्रांसाठी. हल्ली सगळं तयार मिळतं, चित्र छापलेलं, लोकर मोजून दिलेली, नंबर टाकलेले. तुम्ही पाकीट उघडून बघायचात आणि म्हणायचात, "ह्याच्यात आपन काय करायचं? चघळलेला घास गिळायचा?" आणि गिऱ्हाईक तिथंच उभं. गळ्यात अडकवायचं दिव्याचं भिंग मी तुम्हाला हौसेनं दिलं, त्याचा उपयोग तुम्ही तांदळातले खडे निवडायला केलात. शिकायला येणाऱ्या पोरींसाठी मी नमुना भरून ठेवला की तो तुम्ही उचलायचात, "हे काय, पोतं शिवलंय व्हय?" म्हणायचात आणि माझ्या देखत उसवायला बसायचात. शेजारचा चहावाला विचारायचा, या बाई दुकानाच्या मालकीण आहेत का?

पण तो नवा कॅनव्हास तुम्ही हातात घेतलात आणि खाली ठेवेचनात. मी संधी साधली. म्हटलं, हा तुम्हाला माझ्याकडून. पण अट आहे. हे चित्र कुणाच्या लग्नाचं नाही. तुमच्या मनातलं, तुमच्या घरातल्या भिंतीसाठी, सरळ धरून, डाव्या हातानं जसं पडेल तसं. आणि कोपऱ्यात तुमचं नाव. तुम्ही बराच वेळ कॅनव्हासच्या कडेवरून बोट फिरवत बसलात. मग म्हणालात, "शेवंतीचा मळा भरीन. आपला, हिरीकडनं दिसतो तसा." मी विचारलं, आणि नाव? "घालीन म्हनलं ना. किती बोलशील."

मग सुरू झाली पिवळ्याची तऱ्हा. तुम्ही ओल्या रुमालात शेवंतीची फुलं बांधून आणायचात, लोकरीशी ताडून बघायला. दुकानातल्या ट्यूबलाईटवर तुमचा विश्वास नव्हता, "ह्या उजेडात रंग खोटं बोलतो," म्हणून पायरीवर उन्हात बसायचं. खुटबावहून येईपर्यंत फूल मलूल व्हायचं, मग तुम्ही मलूल फुलाशी जुळणारी लोकर घेऊन जायचात आणि दुसऱ्या खेपेला मलाच दटावायचात की चुकीचा पिवळा दिला. शेवटी मी दुकानातल्या सगळ्या पिवळ्या लोकरींचे तुकडे कापून दिले, मळ्यातच बसून जुळवा म्हटलं. तुम्ही पहाटे तोडणीच्या वेळी बायकांना थांबवून फुलांवर लोकरीचे तुकडे ठेवून बघत होता, असं मला तुमच्याच सुनेनं सांगितलं. ती म्हणाली, सासूबाईंना काय झालंय? मी म्हटलं, काही नाही, पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी करतायत, तुला सवय नाही.

त्यानंतर गौरी आल्या, वन्सं आल्या. मग तुमचा डावा हात भरून यायला लागला.

फोनवर तुम्हीच बोललात, "हात लई भरून येतोय. टाके घालून घालून आलाय." मी म्हटलं, अक्का, डॉक्टरला दाखवा. "चित्र झालं की दाखवते." मी म्हटलं, चित्राला काय घाई आहे, तुमचंच तर आहे. तुम्ही पिवळ्या लोकरीचा विषय काढलात. सगळ्या घरानं तेच मानलं, डावऱ्या बाईचा डावा हात, भरतकाम करून दुखणारच. उजवा दुखला असता तर कदाचित कुणीतरी दवाखान्यात नेलं असतं. मळ्यात फुलांचे क्रेट गाडीत चढत होते आणि तुम्ही ओट्यावर बसल्या बसल्या गेलात. मांडीवर चित्र होतं, सुई लोकरीसकट अडकलेली.

दहाव्यानंतर तुमच्या सुनेनं ते मला आणून दिलं. मी दुकानाच्या पायरीवर गेले, तुम्ही बसायचात तिथंच, आणि उजेडाला धरलं. वर आभाळ, विहिरीवरचं चिंचेचं झाड, शेवंतीचे पहिले वाफे. सगळे टाके डावीकडं झुकलेले. एवढं सुंदर काम तुम्ही कधी केलं नव्हतं. सकाळची शेवंती आणि उन्हं चढल्यावरची शेवंती वेगळी दिसत होती. मला इतका आनंद झाला की क्षणभर तुम्ही गेलात हेच विसरले.

मग मधल्या बांधाच्या खाली टाके फिरले. उजवीकडं.

तिथं तुम्ही कॅनव्हास आडवा केलात, अक्का. तिथं गौरीचा सण आला. एका ओळीपर्यंत चित्र तुमचं आहे आणि खालच्या ओळीपासून ते ऋतुजाचं. मला तुमचं तोंड न बघता कळलं की तुम्ही कुठल्या दिवशी स्वतःला बाजूला सारलंत. मी त्या पायरीवर बसून तुम्हाला जे काही बोलले ते शेजारच्या चहावाल्यानं ऐकलंय. कॅनव्हास आडवा धरल्यानं कुणी मरत नाही हे मलाही कळतं. पण त्या वाकड्या मानेनं, त्या दुखऱ्या हातानं तुम्ही घाई करत होता, दुसऱ्याच्या मांडवासाठी, आणि डॉक्टर थांबला होता. हे मी तुम्हाला माफ करणार नाही. निदान या वर्षी तरी नाही.

मागच्या आठवड्यात ऋतुजा आली. कंपनीतून परस्पर, गळ्यात ओळखपत्र तसंच. चित्रावर हात फिरवून रडली. पोरगी चांगली आहे, तुमच्या अंगाखांद्यावर वाढलेली. मी रागातच विचारलं, "कार्डावर काय लिहू? वधूची हस्तकला?"

"मामी, मला बटन लावता येत न्हाई, हे माझ्या सासूला पण माहितीय. मीच सांगितलंय. मोठ्या मामीचं नाव लिहा ना. माझी मामी कसलं भारी भरायची, ते दिसू दे समद्यांना."

"आन् तुझ्या आईनं ऐकलं न्हाई तर?"

"आई कार्ड काढून टाकंल," ती म्हणाली. "तिला लई वाटतं लोक काय म्हणतील ते."

एवढंच होतं, अक्का. तुम्ही वर्षानुवर्षं ज्या पोरींची अब्रू झाकत बसलात, त्यातल्या एकीला आधी विचारलं असतंत तर ती हेच म्हणाली असती. निदान एखादी तरी म्हणाली असती. तुम्ही विचारलं नाहीत, आणि आता ती म्हणतेय तर ऐकायला नाहीत. ऋतुजा गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि पहिल्यांदा रडले. दहाव्याला नव्हते रडले, रागामुळं जमलं नव्हतं.

ती म्हणाली ते खरं आहे, कार्ड काढता येतं. म्हणून मी कार्ड लिहिलंच नाही. उरलेलं चित्र भरायला घेतलं. तुम्ही दिलेला शब्द मोडणार नाही, चित्र ऋतुजाच्या मांडवात जाईल, वन्संनी नदीवर कबूल केलंय तसंच. पण मला दिलेला शब्दही तुम्हाला मोडू देणार नाही. कॅनव्हास मी आडवा धरला. माझा उजवा हात, आडवा कॅनव्हास, टाके पडतात तुमच्यासारखे, डावीकडं झुकलेले. तेव्हा मला कळलं तुमची मान किती दुखत असेल. खालचे सगळे वाफे तसेच भरले, आणि कोपऱ्यात, मलूल फुलाच्या त्या चुकीच्या पिवळ्या रंगात, तुमचं नाव. इंदुमती. दहाव्याला इतकी भाषणं झाली, माउली माउली झालं, हे नाव एकाच्याही तोंडात आलं नव्हतं.

त्या कावळ्याचाही मी पुन्हा विचार केला. वन्संचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच तो फांदीवरून निघाला होता. 'शैला पुरं करील' एवढंच त्यानं ऐकलं असणार. मी तरी असंच धरून चाललेय.

उद्या वन्सं चित्र न्यायला येणार आहेत. नाव बघून आधी चिडतील, मग म्हणतील की वहिनीला हे आवडलं नसतं. तुम्हाला आवडलं नसतं हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे. शिवाय 'दु' जरा वाकडा आलाय, आणि 'ती'ची वेलांटी कडेला चिकटलीय. आडव्या कॅनव्हासवर अक्षरं काढायची मला सवय नाही. माझा वाकडा टाका दिसला की तुमचा हात थांबायचा नाही, भर गर्दीत उसवायला बसायचात.

मग या ना. पायरीवर ऊन आलंय, सुई बाहेर काढून ठेवलीय. बसा आणि उसवा.